लाभार्थ्याचा हिस्सा कुठून येतो?

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे : सरकारच्या परवडणाऱ्या घरांच्या योजनांना ‘सामाजिक नवोपक्रम’ म्हणावं का? त्या अनुदानावर न चालता ‘सोशल बिझनेस’सारख्या, म्हणजे स्वतःचा खर्च स्वतः भागवून आणि नफा वाटून न घेता, चालू शकतील का? आणि प्रबंधासाठी महाराष्ट्रातलं कुठलं उदाहरण घ्यावं?

वस्त्यांची सर्वेक्षणं, घरकुलांचे डीपीआर (म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल) आणि पुनर्वसनानंतर सोसायट्यांची नोंदणी या कामांत मी बरीच वर्षं आहे. त्यामुळे उत्तर जरा हिशेबी होईल, ते चालवून घ्यावं. कुठल्याही योजनेचा डीपीआर हातात आला की मी आधी खर्चाचा तक्ता उघडते. त्यात केंद्राचा हिस्सा असतो, राज्याचा असतो, कधी पालिकेचा असतो आणि सगळ्यात शेवटी ‘लाभार्थी हिस्सा’. आधीचे आकडे शासन निर्णयातून येतात. शेवटचा आकडा वजाबाकीतून येतो. एकूण खर्चातून अनुदान वजा केलं की जे उरेल ते त्या कुटुंबानं आणायचं. कुठून आणायचं, कधी आणायचं, नाही जमलं तर काय, यावर बहुतेक डीपीआरमध्ये चकार शब्द नसतो. ज्या योजनेनं या एका रकान्याचा नीट विचार केला, तिला मी नवोपक्रम म्हणेन. बाकीच्या बांधकाम योजना. त्यांतल्या काही चांगल्याही आहेत, पण बांधकाम योजनाच.

प्रधानमंत्री आवास योजनेपासून सुरुवात करू, कारण सध्या सगळ्यांच्या तोंडी तीच आहे. शहरी योजना 25 जून 2015 ला सुरू झाली. तिचे चार घटक होते : झोपडपट्टीचा आहे त्या जागी पुनर्विकास, गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान, भागीदारीतून बांधलेली घरं, आणि स्वतःच्या जागेवर स्वतः बांधायचं घर. नगरपालिकेत कुणी एवढी लांब नावं घेत नाही, ‘चौथ्या घटकातलं आहे का?’ असंच विचारतात. देशभर मंजूर झालेल्या एक कोटीहून जास्त घरांत निम्म्याहून अधिक घरं या चौथ्या घटकातली आहेत. फोटो मात्र टॉवरचे छापून येतात.

चौथ्या घटकात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख मिळतात. घर 30 चौरस मीटर चटई क्षेत्राच्या आसपासचं, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांचं. लोखंड, सिमेंट, क्रश सँड आणि मिस्त्रीची मजुरी धरली तर इतकं साधं घरही आज पाच-सहा लाखांच्या खाली उभं राहत नाही. म्हणजे हिस्सा झाला किमान अडीच-तीन लाखांचा. आता एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. बाई चार घरची धुणीभांडी करते, नवरा सेंट्रिंगच्या कामावर जातो. जागा स्वतःची, त्यावर पत्र्याचं घर. हे घर पाडल्याशिवाय नवं जोतं घालता येत नाही आणि पाडलं की खोली भाड्यानं घ्यावी लागते, तिचं डिपॉझिट वेगळं. बहुतेक पालिकांत पहिला हप्ता जोतं झाल्यावर सुटतो. पालिकेचा माणूस मोबाइल घेऊन येतो, नवराबायकोला जोत्यावर उभं करतो, जिओ-टॅग फोटो काढतो आणि ‘महिन्याभरात येतील पैसे’ म्हणून जातो. महिन्याचे तीन महिने होतात. ‘ताई, म्हणजे जोत्यापर्यंतचे पैसे आधी आमचेच जाणार ना?’ हा प्रश्न मला प्रत्येक वस्तीत विचारला जातो आणि त्याचं उत्तर ‘हो’ असंच आहे. मग घरातलं सोनं तारण जातं, त्यानंतर बचत गटाचं कर्ज निघतं, त्यानंतर मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता सुरू होतो आणि तरीही स्लॅब अडला की मुकादमाकडून उचल. स्लॅबऐवजी पत्रे टाकले तर घर ‘पूर्ण’ धरायला पालिका खळखळ करते. मग शेवटचा हप्ता लटकतो.

एवढं सगळं असूनही चौथा घटक मला आवडतो. घर कुणाचं, कुठे, कसं, हे ती माणसं ठरवतात. ओटा कुठे घ्यायचा, जिना बाहेरून काढून पुढेमागे वर एक खोली चढवायची, खालची भाड्यानं द्यायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात आधीपासून तयार असतं. कमी आहे ती फक्त मधल्या काळाच्या पैशांची सोय. जोत्यापासून स्लॅबपर्यंत दीड-दोन लाख कमी व्याजानं फिरते ठेवता आले तर हाच घटक कितीतरी माणुसकीनं चालेल. ही रक्कम अनुदानाच्या हमीवर द्यायची आहे, बुडायची भीती फारशी नाही. तुम्ही ‘सोशल बिझनेस’ शोधताय ना? एखाद्या पतसंस्थेनं किंवा बचत गटांच्या महासंघानं हे काम उचललं तर ते चोख ‘सोशल बिझनेस’ ठरेल. केरळनं दुसरा रस्ता धरला. तिथल्या लाइफ मिशनमध्ये घरामागे चार लाखांची मदत ठरवली, म्हणजे कुटुंबावरचा भारच हलका केला. तोही मार्ग आहे, तिजोरीत पैसे असतील तर.

व्याज-अनुदानाच्या घटकाबद्दल एवढंच सांगते : सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याजाची सूट, जास्तीत जास्त 2.67 लाखांचा फायदा. ज्यांना कर्ज मिळालं त्यांना तो मिळाला. ज्यांच्याकडे पगारपत्रक नाही त्यांना बँकेनं मुळात बसायला खुर्ची दिली नाही.

आता मुंबई. झोपडपट्टी पुनर्वसनाचं, म्हणजे एसआरएचं मॉडेल परदेशातून येणाऱ्या अभ्यासकांना हमखास भुरळ घालतं. सरकारनं खिशातून दमडी काढायची नाही, बिल्डरनं झोपडीधारकांना फुकट घरं बांधून द्यायची, बदल्यात त्याला वाढीव एफएसआय (त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळणार आणि त्यातून तो बाजारभावानं विक्रीची इमारत उभी करणार. कल्पना चलाख आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण तिचा इतिहास नीट बघा. एसआरएच्या आधी, 1991 मध्ये आलेल्या योजनेत झोपडीधारकानं 15,000 रुपये भरायचे होते आणि बिल्डरचा नफा 25 टक्क्यांवर बांधलेला होता. म्हणजे कागदावर तरी ती योजना तुमच्या ‘सोशल बिझनेस’च्या बरीच जवळची होती. 1995 च्या निवडणुकीत मुंबईतल्या चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरांचं आश्वासन दिलं गेलं, सरकार आल्यावर अफझुलपूरकर समिती बसली आणि एसआरए अस्तित्वात आलं. झोपडीधारकांचे 15,000 माफ झाले. त्याच झटक्यात नफ्यावरची 25 टक्क्यांची मर्यादाही गेली. पहिली गोष्ट प्रत्येक भाषणात येते, दुसरी कुणी काढत नाही.

फुकट घराचे पैसे कुणीतरी भरतंच. विक्रीच्या इमारतीत फ्लॅट घेणारा एक वाटा भरतो. त्यामुळे ही योजना जमिनीच्या भावावर चालते, गरजेवर नाही. जिथे विक्रीचा दर चढा तिथली वस्ती लगेच उठते, पश्चिम उपनगरातल्या मोक्याच्या जागेवर दोन-दोन बिल्डर संमतीपत्रं घेऊन फिरतात. मानखुर्दच्या फाइलला मात्र वाली मिळत नाही. सोलापुरात किंवा लातुरात हे गणित बसतच नाही. दुसरा वाटा भरतात खुद्द झोपडीधारक, पैशांऐवजी उजेडानं आणि हवेनं. एसआरएच्या नियमात हेक्टरी किमान 500 घरं बसवायची अट होती, नंतर ती 650 झाली. एवढी दाटी करायची तर इमारतींमधलं अंतर खाल्लं जातं. गोवंडी-मानखुर्दकडच्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये प्रकल्पग्रस्तांना याच धर्तीच्या सवलतींवर घरं दिली गेली. तिथे खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेनं आयआयटी मुंबईच्या साथीनं तिथे पाहणी केली, तिचे निष्कर्ष 2018 मध्ये आले : ज्या घरांत ऊन-वारा पोचत नाही तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त. औषधोपचाराचा खर्च कुठल्याच डीपीआरमध्ये धरलेला नव्हता.

तिसरा वाटा म्हणजे मेंटेनन्स. याच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण विद्यार्थ्यांच्या प्रबंधात हे प्रकरण नसतंच. चावी वाटपाचा फोटो झाला की अभ्यास संपतो. मूळ नियमात बिल्डरनं घरामागे 20,000 रुपये अनामत ठेवायचे आणि त्याच्या व्याजातून इमारतीची देखभाल करायची अशी तरतूद होती. सहा टक्के व्याज धरलं तर घरामागे वर्षाला 1,200, महिन्याला शंभर रुपये. आता सात मजली इमारतीचा महिन्याचा खर्च मांडा. लिफ्टचं देखभाल कंत्राट, पाणी वर चढवणाऱ्या पंपाचं बिल, जिन्यातले दिवे, टाकीची सफाई, पाणीपट्टी, शिवाय कधीतरी ड्रेनेज तुंबतं त्याचा जादा खर्च. घरामागे सहा-सातशेच्या खाली काही जात नाही. झोपडीत हा रोख खर्च नव्हता. तिथे पाण्यासाठी रांग होती, त्रास होता, पण महिन्याच्या एक तारखेला कुणी पावतीपुस्तक घेऊन दारात येत नव्हतं. मी ज्या सोसायट्यांची नोंदणी करून दिली त्यांच्यात एक ठरलेला क्रम दिसतो. पहिलं वर्षभर सगळे भरतात. मग तळमजल्यावाला म्हणतो, ‘मी लिफ्ट वापरत नाही, मी का भरू?’ त्याचं बघून पहिला मजला थांबतो. लिफ्टवाला बिल थकलं म्हणून येणं बंद करतो. लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावरची म्हातारी खाली उतरायची थांबते आणि तिचा मुलगा म्हणतो, आता कशाचे पैसे? शेवटी पंपाची वीज कापली जाते तेव्हा सगळे गच्चीवर मीटिंगला जमतात. जो हिस्सा बांधकामाच्या वेळी माफ केला होता तो असा दर महिन्याला परत येतो, आणि तेव्हा त्याला अनुदान नसतं.

म्हणून मला चारकोप नेहमी दाखवावंसं वाटतं. कांदिवलीचं चारकोप म्हटलं की आज लोकांना मध्यमवर्गीय वसाहत आठवते. ती मुळात गरिबांसाठीची सरकारी योजना होती हे तिथल्या नव्या पिढीलाही फारसं माहीत नसतं. जागतिक बँकेच्या मदतीनं 1985 ते 1994 या काळात मुंबई नागरी विकास प्रकल्प राबवला गेला. त्यात म्हाडानं चारकोप, गोराई, मालवणी वगैरे ठिकाणी बांधलेली घरं न देता आखलेले भूखंड दिले : रस्ता, पाणी, गटार, वीज यांची सोय करून. सगळ्यात लहान भूखंड वीस-पंचवीस चौरस मीटरचे, अल्प उत्पन्न गटासाठी, हप्त्यानं. त्याच आराखड्यात मोठे भूखंड आणि दुकानांच्या जागा ठेवल्या होत्या. त्या चढ्या दरानं विकायच्या आणि त्या पैशांनी लहान भूखंडांचा दर खाली आणायचा. साधारण पस्तीस भूखंडांची एक सोसायटी, मध्ये एक सामाईक अंगण. घर तुम्ही बांधा, ऐपत होईल तसं.

या आखणीनं लाभार्थ्याच्या हिश्शाचा प्रश्न वेगळ्याच रीतीनं सोडवला. हिस्सा एकदम मागितलाच नाही. पहिल्या वर्षी चार भिंती आणि पत्रे; मुलगा नोकरीला लागला की वरचा मजला; खाली किराणा किंवा शिलाईचं दुकान. पैसे येतील तसं घर वाढलं, आणि घर वाढलं तसं त्यातून उत्पन्नही सुरू झालं. लिफ्ट नाही, पंपघर नाही, त्यामुळे महिन्याचा मेंटेनन्स किरकोळ. जागतिक बँकेनं मात्र नव्वदच्या दशकात अशा भूखंड योजनांतून अंग काढून घेतलं. वस्ती लवकर भरली नाही, वसुली कच्ची, गरिबांपेक्षा वरचेच लोक घुसले, असे आक्षेप होते. वीसेक वर्षांनी बँकेच्याच अभ्यासकांनी मुंबई आणि चेन्नईतल्या या वसाहती पुन्हा पाहिल्या, तेव्हा त्यांना वेगवेगळ्या उत्पन्नाचे लोक राहत असलेल्या, नीट वसलेल्या वस्त्या दिसल्या. निकाल फार लवकर लावला गेला होता.

चारकोपवरचा एक आक्षेप खरा आहे. मूळ भूखंडधारकांपैकी कित्येकांनी जागा विकली आणि आजच्या भावात तिथे गरीब माणूस पाऊल ठेवू शकत नाही. माझं मत विचाराल तर एखाद्या कुटुंबानं पंधरा वर्षांनी जागा विकून गावाकडे शेत घेतलं किंवा मुलीचं शिक्षण केलं, तर त्यात योजना फसली असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर सरकारनं असे नवे भूखंड पाडणं जवळपास थांबवलं. दोन-चार चारकोपं करून थांबलो म्हणून ती महाग झाली.

सोलापूरची गोष्ट याहून निराळी आहे आणि ‘सामाजिक नवोपक्रम’ म्हणून मी तीच आधी सांगेन. तिथल्या विडी कामगार बहुतांशी स्त्रिया. कारखान्यातून पान-तंबाखू घरी आणायची, विड्या वळायच्या, हजारावर मजुरी. हातावरचं पोट, तरीही या बायकांकडे बाकीच्या असंघटित कामगारांकडे नसलेल्या दोन गोष्टी आहेत : विडी कामगाराचं ओळखपत्र आणि प्रॉव्हिडंट फंड. 1976 च्या कायद्यानं विडी कामगारांसाठी कल्याण निधी आला आणि त्यातून घरबांधणीला अनुदान देता येत होतं. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं विडी कामगार स्त्रियांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं. सोलापूरजवळच्या कुंभारी इथे दहा हजार घरं झाली. घराची किंमत 60,000 च्या घरात : केंद्राचे 20,000, राज्याचे 20,000 आणि कामगार स्त्रीचे 20,000. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग 2006 मध्ये त्यांच्या हस्तांतराला आले होते.

इथे शेवटचा रकाना वजाबाकीतून आलेला नाही हे लक्षात घ्या. तिन्ही हिस्से सारखे, आणि बाईचा हिस्सा तिच्या संघटनेच्या जोरावर आधी जमवायला घेतलेला. संघटना असल्यामुळे कोण पात्र आणि कोण नाही हे तलाठ्याच्या टेबलावर ठरत नव्हतं. कोण खरी विडी कामगार आहे हे आख्ख्या बोळाला माहीत असतं. पुढे त्याच परिसरात रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प प्रधानमंत्री आवास योजनेच्या भागीदारी घटकात उभा राहिला. जानेवारी 2019 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते भूमिपूजन आणि 19 जानेवारी 2024 ला पहिल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतर. यात विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरावेचक, फेरीवाले, रिक्षाचालकही आले. डाव्या संघटनेनं उभा केलेला प्रकल्प, दोन वेगवेगळ्या पक्षांचे पंतप्रधान आणि मधल्या काळात राज्यात बदललेली सरकारं. फाइल टिकली ती सभासदांच्या संख्येमुळे. कुठल्याही कल्पकतेपेक्षा याला मी जास्त गुण देते. शिवाय इमारती बुटक्या, लिफ्ट नसलेल्या. ज्यानं हे ठरवलं त्यानं मेंटेनन्सचं गणित आधी मांडलं असणार.

अडचणी तिथेही आहेतच. वसाहत शहराबाहेर, म्हणून पाणी, बस, शाळा, दवाखाना हे सगळं मागून मिळवावं लागतं. कामगार स्त्रीला पान-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला शहरात खेटे घालावे लागले तर घराचा फायदा बसभाड्यात जातो. देशभर सरकारी पैशांनी बांधलेली घरं रिकामी राहिली, त्याचं मोठं कारण हेच अंतर. 2020 मध्ये केंद्रानं भाड्याच्या घरांची योजना आणली तेव्हा आधीच्या योजनांतली लाखाहून अधिक घरं रिकामी असल्याचं कागदावरच मान्य केलं होतं. दहा हजार बायका एकदम राहायला जातात तेव्हा बस आणि पाणी मागायला त्यांच्याजवळ निदान आवाज असतो. एकेकट्या कुटुंबाला लांबच्या इमारतीत चिठ्ठी टाकून घर दिलं की तोही नसतो.

ओळखपत्र आणि फंडाच्या मुद्द्याला जोडून एक. सिंगापूरच्या सरकारी घरांचं कौतुक होतं तेव्हा सगळे इमारतींबद्दल बोलतात. तिथल्या गृहनिर्माण मंडळाची स्थापना 1960 ची. घरमालकीला खरा वेग आला तो 1968 मध्ये कामगारांना प्रॉव्हिडंट फंडातून घराचे पैसे भरायची मुभा मिळाल्यावर. हिस्सा कुठून येणार याचं उत्तर त्यांनी पगारातच बसवलं. आपल्याकडे घरकामगार, नाका कामगार, रिक्षावाले यांच्या पगाराला असा फंडच नाही. मग त्यांचा हिस्सा सोन्यातून नाहीतर सावकाराकडून येणार, दुसरं काय?

‘सोशल बिझनेस’चा प्रश्न आता घेते. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस यांची कल्पना अशी की गुंतवणूकदाराला मुद्दल परत मिळावं, लाभांश नाही, आणि नफा त्याच कामात परत घालावा. त्यांच्या बँकेनं तिथे 1984 पासून घरासाठी कर्जं दिली आणि 1989 मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. कर्ज लहान, आधीची परतफेड चोख असलेल्या बाईलाच, आणि जमीन तिच्या नावावर असण्याच्या अटीवर. सिमेंटचे खांब, पत्रे, संडास. हे चाललं, कारण जमीन विकत घ्यायची नव्हती. मुंबई-पुण्यात खर्चाचा मोठा लचका जमीनच तोडते. व्याज कितीही कमी करा, नफा शून्यावर आणा, जमिनीचा बाजारभाव भरून गरिबाला परवडेल असं घर निघत नाही. म्हाडाच्या सोडतीत नंबर लागूनही लोक घर परत करतात ते याच कारणानं. उत्पन्नाची मर्यादा एक सांगते, घराची किंमत दुसरंच मागते, आणि बँक मधल्या दरीकडे बघून मान हलवते.

तेव्हा शहरात हा धंदा चालवायचा तर जमिनीची बाजू सरकारनं सांभाळायला हवी. त्यापुढचं काम नफा न वाटणारी संस्था करू शकते, आणि ते मुंबईत करून झालेलं आहे. स्पार्क ही स्वयंसेवी संस्था, महिला मिलन हे वस्त्यांतल्या बायकांचं संघटन आणि जोकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ यांनी 1998 मध्ये ‘निर्माण’ ही ना-नफा कंपनी काढली आणि एसआरएमध्ये बिल्डरची जागा घेतली. धारावीतल्या राजीव-इंदिरा सोसायटीची इमारत तिनं उभारली. विक्रीतून आणि टीडीआरमधून जे सुटेल ते पुढच्या वस्तीत घालायचं, हा हिशेब. बँकेचं कर्ज मिळायला परदेशी संस्थेची हमी लागली, कारण झोपडपट्टीवाल्यांच्या कंपनीला तारण काय विचारायचं हेच बँकेला कळत नव्हतं. त्यात टीडीआरचा भाव बाजाराबरोबर वरखाली. खाजगी बिल्डर असा तोटा दुसऱ्या प्रकल्पात भरून काढतो, अशा संस्थेकडे दुसरा प्रकल्पच नसतो. वस्तीतल्या बायकांनी घराचा आराखडा ठरवला, पोटमाळ्याएवढी उंची मागून घेतली, कंत्राटाची छोटी कामं स्वतः घेतली. हे सगळं मोलाचं. पण शहराच्या गरजेपुढे ती संख्या लहानच राहिली, आणि ती मोठी व्हायची तर पडत्या बाजारात तग धरण्यासाठी सरकारनं निधी ठेवायला हवा होता.

माझ्या मते ‘सोशल बिझनेस’ला बांधकामापेक्षा देखभालीत जास्त वाव आहे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेनं 2008 पासून दारोदार कचरा गोळा करण्याचं काम महापालिकेशी करार करून, घरामागे शुल्क घेऊन चालवून दाखवलं. त्याच धर्तीवर पंधरा-वीस पुनर्वसन इमारतींची मिळून एक देखभाल संस्था का नसावी? लिफ्टचं कंत्राट एकत्र घेतलं की दर उतरतो. पंप दुरुस्त करणारा, प्लंबर, इलेक्ट्रिशियन त्याच इमारतींत राहत असतात. तळमजल्यावाल्याला कमी दर, वरच्यांना जास्त, हे एकदा ठरवून टाकायचं. गच्चीवर सौर पॅनेल बसवून पंपाचं बिल खाली आणायचं. यात भांडवल कमी, जमीन शून्य आणि शुल्क दर महिन्याला येणारं.

तंत्रज्ञानाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण ‘नवोपक्रम’ म्हटलं की पाहुण्यांना तेच दाखवलं जातं. 1 जानेवारी 2021 ला इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ इथल्या ‘लाइट हाऊस’ प्रकल्पांचं भूमिपूजन झालं, झटपट बांधकामाच्या नव्या पद्धती वापरायला. कामं लवकर होतात, ठीक आहे. पण भिंत चार दिवसांत उभी राहिली म्हणून बाईच्या हिश्शाचे पैसे चार दिवसांत जमत नाहीत.

प्रबंधासाठी सोलापूर मोहात पाडेल, पण वर्षभरात ते झेपणार नाही. संघटनेची कागदपत्रं समजून घ्यायलाच तेवढा वेळ जाईल. अभ्यास कांदिवलीपुरताच ठेवा. चारकोपच्या एका सेक्टरमधली दोन-तीन अंगणं आणि तिथून रिक्षानं जाता येईल अशी एक एसआरए इमारत घ्या, पुनर्वसन होऊन दहा वर्षं झालेली. दोन्हीकडे मूळ किती कुटुंबं राहिली हे विचारा, विकून गेलेल्यांपैकी कुणी सापडलं तर ते कुठे गेले हेही. घर कोणत्या वर्षी कोणत्या पैशांनी वाढवलं याची प्रत्येक कुटुंबाची नोंद करा. बाईशी एकटीशी बोला. नवरा शेजारी असला की तारण ठेवलेल्या सोन्याचा विषय निघत नाही. सोसायट्यांकडून गेल्या पाच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या. देत नाहीत असं कुणी सांगितलं तरी मागा, चहा घेतल्यावर देतात. त्यात ताळेबंदाच्या डाव्या-उजव्या बाजूंत न अडकता ‘सभासदांकडून येणे’ ही यादी आधी उघडा आणि मजल्यांप्रमाणे लावा. खजिनदार बहुतेक नोकरी सांभाळून हे काम करत असतो, त्यामुळे संध्याकाळी सातनंतर जा.